कापडाची तहान

आमच्या घरात मायक्रोफायबरची अकरा कापडं आहेत. त्यांतली सात मेलेली आहेत. परवा रविवारी सकाळी मी ती सगळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडली, प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि पाहत उभा राहिलो. चार कापडांनी थेंब टाकताक्षणी पिऊन टाकला. उरलेल्या सात कापडांवर तो अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला.

बायको चहा घेऊन आली. "काय करून राह्यले जी सकाळी सकाळी?"

"सात मेली," मी म्हणालो.

"अव माय! कोन?"

मग मी तिला सांगितलं. निदान विसाव्यांदा तरी असेल. हे कापड सुती टॉवेलांबरोबर धुवायचं नाही, कारण सुताची लव त्याला चिकटते ती निघत नाही. साबण चमचाभर पुरतो. उकळतं पाणी नको, इस्त्री तर नकोच. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे धुतल्यावर ते सुगंधी कंडिशनर घालायचं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "फडकंच ना जी ते?"

फडकंच. हेच मी वीस वर्षं ऐकतो आहे. घरात, रुग्णालयात, सगळीकडे. आणि ज्या एका बाईला ते फडकं वाटत नव्हतं तिचं काय झालं हेही मी पाहिलं आहे. कापड "मरतं" हा शब्द तिचा. थेंबाची परीक्षाही तिचीच.

मेश्रामबाई आमच्या रुग्णालयात साफसफाईच्या प्रमुख होत्या. रुग्णालय चंद्रपुरातलं, एका ट्रस्टचं, तीस खाटांचं. मी तिथे स्टोअर सांभाळतो. तेव्हाही सांभाळत होतो. बाई उंचीने पाच फुटांच्या आतबाहेर, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून घातलेलं. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "बाहीर ठेवलं तर खाटेले घासते. आन् येळ मले पाहाची असते, लोकायले नाई."

त्यांच्या निळ्या एप्रनच्या खिशात डोळ्यांत टाकायच्या औषधाची एक रिकामी बाटली असे. धुऊन, साधं पाणी भरून ठेवलेली. वॉर्डात जाता-येता कुणाच्याही हातातलं कापड त्या थांबवत, त्यावर एक थेंब टाकत आणि वाकून पाहत. थेंब जिरला तर काही न बोलता पुढे. नाही जिरला तर ते कापड काढून खांद्यावर टाकत आणि म्हणत, "याची तहान मेली. कापडाले तहान लागली पाहिजे, नाई तर ते मळ इथला तिथी करते फक्त." नव्या डॉक्टरांना हे पाहून हसू यायचं. बाईंना त्याचं काही नव्हतं. एका तरुण डॉक्टरच्या एप्रनवरही त्यांनी थेंब टाकून पाहिला होता. "हा पेते," म्हणाल्या. "चांगला हाय. धोबी बदलू नका."

एकूण कापडं बहात्तर. चार रंग, प्रत्येक रंगाची अठरा. निळी वॉर्डात, पिवळी ऑपरेशन थिएटरमध्ये, हिरवी स्वयंपाकघरात, लाल संडास-न्हाणीघरात. रंग कधी मिसळायचे नाहीत, धुतानाही नाहीत. संध्याकाळी मोजणी. मी स्टोअरचा माणूस, मोजणीत आयुष्य गेलं, पण बाईंची मोजणी माझ्यापेक्षा वेगवान होती, कारण त्या जोडीने मोजत: एक जोडी, दोन जोडी, नऊ जोडी, झाले अठरा. "एकेक मोजलं का मन भरकटते," म्हणायच्या.

चंद्रपुरात कापड धुणं सोपं आहे, वाळवणं अवघड. इथली कोळशाच्या खाणींची हवा ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. सकाळी गच्चीवर पांढरा कपडा टाकावा आणि दुपारी त्यावर मिरपूड सांडल्यासारखे काळे कण असावेत. साध्या कपड्यावरचे कण झटकले की जातात. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो, तो कण धरून ठेवतो; त्यासाठीच तर तो केलेला. मग तेच कापड स्टीलच्या ट्रॉलीवर फिरवलं की बारीक ओरखडे. आत पंख्याखाली वाळवलं तर पावसाळ्यात कुबट वास.

बाईंनी यावर काय केलं असेल? स्वयंपाकघरातून पाच पांढऱ्या बशा मागून घेतल्या. गच्चीवर पाच ठिकाणी ठेवल्या. दर तासाला वर जाऊन प्रत्येक बशीवर बोट फिरवायचं, बोट पाहायचं आणि खिशातल्या कागदावर एक ते पाच आकडा लिहायचा. एक म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे काजळ. तीन दिवसांनी तो कागद माझ्याकडे आला. "बोरकरभाऊ, तुमाले तक्ते कराची हौस हाय. याचा एक करून द्या."

मी म्हणालो, तीन दिवसांवरून काही ठरत नाही, एकवीस दिवस तरी हवेत. मला वाटलं होतं विषय संपला. बाईंनी एकवीस दिवस बशा ठेवल्या. मी तक्ता केला. त्यातून निघालं ते असं: पाण्याच्या टाकीच्या उत्तरेकडच्या सावलीत, अकरा ते दोन या वेळात, सरासरी आकडा दीडच्या वर गेला नाही. त्या दिवसापासून बहात्तर कापडं तिथेच, त्याच तीन तासांत वाळली. लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधली. दोन कापडांमध्ये दोन बोटं अंतर. ते त्या खरोखर बोटं घालून मोजत. त्या तक्त्याखाली मी माझी सही केली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला अभिमान वाटावा असे कागद थोडे आहेत. तो एक होता.

धुण्याच्या खोलीत भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवलेली होती. त्यावर निळ्या स्केचपेनने, ठळक अक्षरांत नियम. पण ते पुस्तकातून घेतलेले नव्हते. प्रत्येक नियम कुणाच्या तरी चुकीतून आला होता आणि पुढे कंसात चूक करणाऱ्याचं नाव होतं. पहिलाच होता, "उकळत्या पाण्यात टाकू नये. (मी स्वतः)". दुसरा, "गवतावर, कुंपणावर वाळवू नये. (चौकीदार)". चौकीदाराने एकदा मदत म्हणून अर्धी कापडं मागच्या गवतावर पसरली होती. ऑक्टोबरअखेरचं गवत, कुसळांनी भरलेलं. बाई आणि मी चिमटे घेऊन बसलो. एका कापडातून मी एकशे चौदा कुसळं काढली, मग मोजणं सोडून दिलं. चौकीदार येऊन नाव खोडायची विनंती करून गेला. "नाव राहू दे," बाई म्हणाल्या. "चूक कराले लाज नाई. लपवाले लाज हाय. तुनं तर लगेच सांगितलं."

असे सहा नियम होते. त्याखाली सातचा आकडा आणि पुढे कोरी जागा.

"सातवा काय आहे?" मी विचारलं होतं.

"सातवी चूक अजून कोनी केली नाई. केली का लिहीन."

सहावा नियम इंदूचा. इंदू सिंदेवाहीकडची, धानाच्या शेतावर वाढलेली, रोवणीने, म्हणजे भातलावणीने, हात भेगाळलेले. धुण्याच्या कामावर आली त्या पहिल्या दिवशी तिने मायक्रोफायबर हातात घेतलं आणि किंचाळली. ते तिच्या हातांच्या भेगांना चिकटलं होतं. "बाई, हे कापड हात धरून राह्यलं ना!"

"धरू दे," बाई म्हणाल्या.

"माह्या नवऱ्यानं आजवर नाई धरला जी, आन् हे फडकं धरते!"

बाई हसल्या. त्यांना मी मोजून चार-पाच वेळा हसताना पाहिलं असेल. त्यातली ही एक.

त्याच इंदूने दिवाळीच्या आधी, सगळं लख्ख दिसावं म्हणून, ऑपरेशन थिएटरची अठरा पिवळी कापडं भाताच्या पेजेत बुडवून वाळवली. तिच्या गावी चांगल्या कापडाला खळ देतात. डॉक्टरांच्या खोलीतलं कापड तर चांगलंच असणार. दुपारी बाई गच्चीवर गेल्या तर दोरीवर अठरा पिवळे पापड. त्यांनी एक काढून दोन बोटांनी वाजवला. मला वाटलं आता इंदूची खैर नाही.

"मान देला तू त्यायले," बाई म्हणाल्या. "पण इंदू, मान देल्यानं कापड पानी नाई पेत." सहा वेळा धुवावी लागली ती. इंदूने सहाव्या नियमापुढे स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं. चार अक्षरं शिकलेली बाई. त्या कंसाला तिने दहा मिनिटं घेतली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

मेश्रामबाईंची नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची होती. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड, मग नवा करार. अशी चौदा वर्षं. त्या खंडाच्या दिवशी त्यांनी कामावर येऊ नये असा नियम होता, म्हणजे कागदावर नोकरी तुटलेली राहते. बाई त्या दिवशीही यायच्या. हजेरीपुस्तकावर सही नाही, एप्रन नाही, साध्या साडीवर गच्चीवर जाऊन कापडं दोरीवर टाकायच्या. "करार तुटते," म्हणायच्या, "ऊन कुठी तुटते?"

त्या वर्षी रुग्णालयाची मानांकन तपासणी होती. बाहेरून पथक येणार होतं. त्यात पास झालो तर साफसफाई प्रमुखाची एक कायम जागा मंजूर होणार होती, आणि ती बाईंनाच मिळणार हे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना स्वतः सांगितलं होतं. बाई कुणाजवळ त्याबद्दल बोलल्या नाहीत. फक्त एक दिवस मला विचारलं, "कायम झाल्यावर तो एक दिवस खंड नाई ना राहात?" मी म्हणालो, नाही राहत. "म्हणजे त्या दिवशी सही कराले भेटीन," त्या म्हणाल्या, आणि गच्चीवर निघून गेल्या.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात बाईंच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण निघालं. बहीण कुरखेड्याजवळच्या गावात. बाई सहा दिवसांच्या सुटीवर गेल्या. चौदा वर्षांतली त्यांची सर्वांत मोठी सुटी.

त्याच दिवसांत स्टोअरमध्ये धुण्याच्या पावडरीबरोबर कंडिशनरच्या तीन बाटल्या योजनेत फुकट आल्या. निळा द्रव, फुलांचा वास. मी झाकण उघडून वास घेतला आणि माझ्या मनात आलं, पथक येणार आहे, वॉर्डात जरा सुगंध असला तर काय बिघडतं. मी इंदूला बोलावलं. बादलीला एक झाकण टाक म्हणालो. ती म्हणाली, "बाईले इचारू का?" मी म्हणालो, "मी सांगतो आहे ना."

मी. ज्याने एकवीस दिवसांशिवाय तक्ता केला नसता त्याने.

मंगळवारी सकाळी बाई परत आल्या. तपासणी गुरुवारी होती. साडेनऊच्या सुमारास त्या स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या. हातात एक पिवळं कापड, त्यावर थेंब. गोल.

"बोरकरभाऊ, बाटली कुठी हाय?"

इंदूने सांगितलं होतं. मी बाटली दाखवली. त्यांनी वास घेतला. "वास चांगला हाय," म्हणाल्या. "पण तुमी कापडाले तेल पाजलं जी. बहात्तरच्या बहात्तर."

"धुऊन निघेल ना?"

"निघन. धुवा लागन आठ-दहा खेपा. सिरका लागन. आन् वाळवाले दिवसाचे तीन तास. तुमीच तक्ता केला."

गणित माझंच होतं. मंगळवार आणि बुधवार, म्हणजे दोन वाळवण्या. ओली ओलीच पुन्हा पुन्हा धुतली तरी बहात्तर कापडं हाताने, म्हणजे जास्तीत जास्त चार खेपा. आठला चार कमी पडतात हे कळायला तक्ताही लागत नाही.

"डॉक्टरसाहेबाले सांगा," बाई म्हणाल्या. "दोन दिवस साधं सुती कापड वापरू, नवं आनू. पथकाले सांगू का असं झालं. चूक हाय, गुन्हा नाई. पण तुमी सांगा. मी सांगितलं तर चुगली होते."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. मंगळवारी डॉक्टर कामात होते. बुधवारी मीच कामात होतो. माझ्या फाइलवर एकोणीस वर्षांत एकही शेरा नव्हता. हे मी तेव्हा मनातल्या मनात किती वेळा घोकलं ते आठवतं. शिवाय मला वाटत होतं, कुणाला कळणार आहे? फडकंच ना?

म्हणजे ते वाक्य मीही म्हटलेलं आहे. बायकोवर कशाला चिडू.

त्या दोन दिवसांत बाई आणि इंदू धुण्याच्या खोलीतून फारशा बाहेर आल्या नाहीत. मी एकदा दारातून डोकावलो. बाईंचे हात सिरक्याने पांढरे पडले होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "सांगितलं?" मी म्हणालो, "आज सांगतो."

गुरुवारी पथकातल्या एका बाईंनी थिएटरमधल्या नुकत्याच पुसलेल्या ट्रॉलीवर बॅटरीचा उजेड तिरपा पाडला. सगळ्या पृष्ठभागावर पट्टे दिसले. त्यांनी पांढरा कागद फिरवला, तो तेलकट झाला. दिव्याच्या दांड्यावर तेच, खाटेच्या कठड्यावर तेच. फरशीवर पाणी पुसलं जात नव्हतं, नुसतं सरकत होतं. अहवालात एक ओळ आली: स्वच्छता समाधानकारक नाही.

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टर, प्रशासन पाहणारे एक जण, मी, मेश्रामबाई आणि दाराला टेकून इंदू.

"मेश्रामबाई, हे कसं झालं? तुमच्याकडून?"

"कापडावर मऊ कराची दवाई पडली साहेब. मी सुटीवर होती."

"कोणी टाकली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदा. नंतर त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहू लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "बोरकर, तुमच्या स्टोअरमधून तर नाही गेलं काही?"

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

तीन बाटल्या माझ्या टेबलाखाली होत्या. त्यातल्या एकीचं झाकण मीच उघडलं होतं. आणि मी म्हणालो, पाहून सांगतो.

"मग इंदूने टाकली?" डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. इंदू माझं नाव घेऊ शकली असती. ती जमिनीकडे पाहत राहिली.

"इंदूनं नाई," बाई झटकन म्हणाल्या. "इंदू सांगितलं तेवढंच करते. धुलाई माह्याकडं हाय साहेब, माहं नाव लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं.

कायम जागेचं पुढे काही झालं नाही. साफसफाई एका एजन्सीला द्यायचं ठरलं. बाईंना सांगण्यात आलं की करार संपल्यावर हवं तर एजन्सीकडे कामगार म्हणून लागा. करार संपायला चार महिने होते. ते चार महिने त्या रोज वेळेवर आल्या. बहात्तर कापडं त्यांनी अकरा वेळा धुतली. मी गच्चीवर खेपा मोजत होतो, दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. अकराव्या धुण्यानंतर त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि बाटली माझ्या हातात दिली. "टाका थेंब." मी टाकला. जिरला. दुसऱ्यावर टाकला. जिरला. मी बहात्तर थेंब टाकले आणि त्या उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी..."

"उन्हाळा येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "आता अकराले नका टाकू, साडेदहाले टाका. टाकीची सावली सरकते."

असं तीन वेळा झालं. मी विषय काढायचा आणि त्यांनी मला धुण्याबद्दल काहीतरी सांगायचं. मला त्यांचाही राग यायला लागला. माझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? फार तर एक शेरा. त्या का बोलल्या नाहीत? मी तो राग बरेच दिवस सांभाळला. आपल्या चुकीपेक्षा दुसऱ्याच्या चांगुलपणावर चिडणं सोपं जातं, एवढं मात्र शिकलो.

करार संपला. दुसरा दिवस खंडाचा. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या खंडाच्या दिवशी मेश्रामबाई आल्या नाहीत. मी साडेदहाला गच्चीवर गेलो होतो. दोरी होती, चिमटे होते. खाली धुण्याच्या खोलीत भिंतीवरचा कॅलेंडरचा कागद नव्हता. चार कोपऱ्यांत खळीचे डाग होते फक्त.

एजन्सीने मशीन आणलं. बहात्तर कापडं, लाल-पिवळी-निळी-हिरवी, पडद्यांसकट, एकाच मशीनमध्ये. मी पत्र लिहिलं. दोन पत्रं लिहिली. सव्वा महिन्यात बहात्तरच्या बहात्तर मेली. माझ्या पत्रांना उत्तर आलं नाही. एजन्सीचा माणूस म्हणाला, "इतकं काऊन मनावर घेता भाऊ?"

मागच्या हिवाळ्यात कुरखेड्याला एका लग्नाला गेलो होतो. इंदूकडून कळलं होतं की बाई तिथेच एका मुलींच्या वसतिगृहात काम पाहतात. अक्षता पडल्यावर मी जेवायला थांबलो नाही. चालत गेलो. वसतिगृहाच्या मागे अंगण, अंगणात मोहाच्या झाडाच्या सावलीच्या कडेला नायलॉनची दोरी, तिच्यावर कापडं, दर दोहोंमध्ये दोन बोटं अंतर. मी लांबूनच मोजली. बारा जोड्या.

बाईंचे केस पांढरे झाले होते. घड्याळ तेच, आतल्या बाजूला. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही.

"या बोरकरभाऊ. काई मंगळकार्य होतं का इकडं?"

"लग्न होतं."

"जेवले?"

"हो," मी खोटं बोललो. त्यांच्याशी पुन्हा एकदा.

त्यांनी खुर्ची दिली. बहिणीचं मूल आता शाळेत जातं म्हणाल्या. "इथी धूळ लाल हाय. कोळशाची नाई. झटकली का जाते." मग चहा. पडवीच्या भिंतीवर तो कागद लावलेला होता. निळी शाई फिकट झाली होती. सहा नियम, सहा नावं. सात, आणि पुढे कोरं.

मी कप खाली ठेवला. "बाई, सातवा लिहिला नाही तुम्ही."

"नाई लिहिला."

"का?"

"लिहिला असता तर पुढं कंस करा लागला असता."

मी खिशातला पेन काढला. मी भिंतीजवळ गेलो आणि लिहिलं: "कंडिशनर टाकू नये. (बोरकर)". अक्षर वाकडं आलं. भिंतीवर कागद ठेवून लिहायची मला सवय नाही.

बाई उठल्या. चष्मा लावला. जवळ जाऊन वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"हे बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, ही चूक लहान होती. अकरा धुण्यात निघाली."

मी पेन हातात धरून तसाच उभा होतो. कागदावर खाली अजून चार बोटं जागा होती, आठव्या नियमापुरती. त्यांनी ती पाहिली, मीही पाहिली. आपण नेमकं काय लिहिणार आहोत ते मला माहीत होतं, शब्द तयार होते, आणि हात उचलला जात नव्हता. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतला, टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवला.

"पाहून सांगजा," त्या म्हणाल्या.

टोमणा नव्हता. आवाजात तसं काही नव्हतं. ज्या सुरात त्या इंदूला साबणाचं प्रमाण सांगायच्या त्याच सुरात म्हणाल्या.

मग घड्याळ पाहिलं आणि अंगणात गेल्या, कारण वाळलेली कापडं उतरवायची वेळ झाली होती. मी फाटकापाशी पोचून मागे वळलो तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या एकेक कापड काढत, खिशातून बाटली काढत, थेंब टाकत, वाकून पाहत आणि मगच घडी घालत. मला वाटलं बारा जोड्या होईस्तोवर थांबावं. सहावी जोडी झाली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि मी निघालो.